सॅच्युरेशन ९६, श्वास ८: ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीची एक केस

आधीच सांगते, ही केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, कुणा एका खऱ्या पेशंटची नाही. पण सर्जिकल वॉर्डात ज्यांनी नाइट केलीये त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी लिहितेय, त्यामुळे औषधांचे डोस आणि आकडे मुद्दाम दिलेत, तेवढे सोडून पुढे पळू नका, सगळी गंमत त्या आकड्यांतच आहे.

पेशंट ६२ वर्षांचे पुरुष, वजन ९६ किलो. मोठ्या आतड्याचा एक भाग काढण्याचं ओपन ऑपरेशन दुपारी झालं. ब्लड प्रेशरची गोळी चालू, क्रिएटिनिन १.९, म्हणजे किडनी आधीपासून थोडी कमजोर. मॉर्फीन किंवा त्या जातीचं औषध याआधी कधी घेतलेलं नाही. ॲनेस्थेशियाच्या प्री-ऑप शीटवर एक ओळ होती, 'मोठ्याने घोरतात, पत्नी सांगतात की झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो'. ती ओळ त्या शीटवरच राहिली, रिकव्हरीतून वॉर्डात हँडओव्हर देताना कुणी बोललं नाही.

संध्याकाळ अशी गेली. रिकव्हरीत दुखत होतं म्हणून थोडं थोडं करत मॉर्फीन ६ मिग्रॅ आयव्ही. सातला वॉर्डात आले, नाकातल्या नळीने ३ लिटर ऑक्सिजन चालू. नऊला वेदना १० पैकी ७, मॉर्फीन ४ मिग्रॅ. दहाला प्रीगॅबालिन ७५ मिग्रॅ, नर्व्हच्या वेदनेसाठी म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली. साडेअकराला परत दुखतंय आणि मळमळतंय, म्हणून मॉर्फीन ४ मिग्रॅ आणि फोनवरून विचारून प्रोमेथाझिन २५ मिग्रॅ. बारा वाजताच्या नोंदी: नाडी ८८, बीपी १२४/७६, सॅच्युरेशन ९७, श्वास १६, ताप ३७.२, शुद्धीवर. वेदनेच्या कॉलममध्ये 'झोपले आहेत, आराम'.

आता या बाराच्या आकड्यांवर न्यूज-टू स्कोअर काढा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला, पेशंट किती बिघडलाय ते आकड्यात सांगणारा हा स्कोअर आहे, सात गोष्टींना मार्क असतात. इथे ऑक्सिजन चालू असल्याचे २, बाकी सगळं शून्य, एकूण २. एक ते चार स्कोअर असला की पुढची तपासणी चार ते सहा तासांनी चालते असं त्यात म्हटलंय. म्हणजे कागदावरचं सगळं बरोबर धरलं तर या माणसाकडे पहाटे चारच्या आत कुणी बघायची गरजच नव्हती.

सव्वाला एक तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आयव्ही लाइन आणि युरिन बॅग बघायला त्या बेडपाशी आली. काकू बाजूला स्टुलावर बसून होत्या, त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता कुठे डोळा लागलाय गं त्यांचा, उठवू नकोस." काका घोरत होते. पण घोरणं सलग नव्हतं, दोन-तीन घोरणी, मग काहीच नाही, मग एकदम खर्रकन एक मोठा श्वास. मुलीने हात न लावता, लाइट न लावता, मोबाइलच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजलं. श्वास ८. मधला सगळ्यात मोठा गॅप दहा सेकंदांच्या वरचा. आणि श्वास उथळ, छाती जेमतेम हलत होती.

इथे तिने जे केलं त्यात एक बारकावा आहे जो माझ्या मते या सगळ्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तिने आधी मोजलं आणि मग उठवलं. ओपिऑइडने, म्हणजे मॉर्फीनच्या जातीच्या औषधाने, गुंगलेल्या माणसाला हाक मारली, हलवलं, बीपीचा कफ आवळला की तेवढ्यापुरता तो बरा श्वास घेतो, बारा काय चौदापर्यंत पण जातो, आणि तुम्ही पाठ फिरवलीत की दोन-चार मिनिटांत परत आठवर. म्हणून बीपी घेता घेता मोजलेला श्वास अशा पेशंटमध्ये खोटा दिलासा देतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं तेही इथे चालत नाही, कारण श्वास अनियमित आहे, तुमचे पंधरा सेकंद नेमके दोन घोरण्यांच्या मध्ये पडले तर चार येईल आणि गॅप चुकवून पडले तर सोळा येईल. आणि नुसती छाती हलताना बघूनही भागत नाही, घसा मागे पडलेला असला तर छाती-पोट हलतं पण हवा आत जात नाही, म्हणून नाका-तोंडाजवळ हात धरून हवा लागतेय का तेही बघायचं.

मोजून झाल्यावर तिने हाक मारली, "काका, डोळे उघडा. नाव सांगा बरं तुमचं." डोळे उघडले, नाव सांगायला सुरुवात केली, आणि आडनावापर्यंत पोचायच्या आत परत डोळे मिटले. परत हाक, परत तेच. ओपिऑइड दिलेल्या पेशंटची गुंगी मोजायला पोस म्हणून एक स्केल वापरतात, पासेरो यांचं. त्यात झोपलेला पण सहज जागा होणारा ठीक, पूर्ण जागा १, किंचित पेंगुळलेला पण पटकन उठणारा २, बोलता बोलता झोपेत जाणारा ३, आणि हलवूनही प्रतिसाद नाही किंवा अगदीच कमी तो ४. ३ आलं की पुढचा डोस नाही, डॉक्टरांना कळवायचं आणि पेशंटच्या जवळ थांबायचं. हे काका ३ होते.

बाकीचे आकडे: नाडी ८४, बीपी ११८/७०, ताप ३६.८, ३ लिटरवर सॅच्युरेशन ९६. परत न्यूज-टू काढा. श्वास ८ चे ३, ऑक्सिजनचे २, हाकेलाच प्रतिसाद म्हणून शुद्धीचे ३, एकूण ८. सात किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी, लगेच टीम बोलवायची. सव्वा तासात २ वरून ८, आणि गंमत म्हणजे नाडी, बीपी, ताप, सॅच्युरेशन या चारांचे मार्क दोन्ही वेळेला शून्यच आहेत. मशीन जे देतं ते सगळं नॉर्मल होतं. बिघडलेल्या दोन्ही गोष्टी अशा की ज्या माणसानेच बघायला लागतात.

तिने बेल वाजवली, बेड सोडला नाही. सिस्टर आल्या, लाइट लावला, मॉनिटरकडे बघितलं, काकांना जोरात हाक मारली, त्यांनी डोळे उघडून 'हं' केलं, चार-पाच चांगले श्वास घेतले. सिस्टर म्हणाल्या, "सॅच्युरेशन शहाण्णव आहे, उठतायत, बीपी छान आहे. दमलेत, झोपू दे." सिस्टर निष्काळजी नव्हत्या हे मला ठासून सांगायचंय. त्या रात्री त्यांच्याकडे दुसरा एक पेशंट रक्ताच्या उलट्या करत होता, आणि त्यांनी जे पाहिलं ते खरंच ठीक दिसत होतं, कारण त्यांनी उठवलेला पेशंट पाहिला.

आता हे ९६ काय सांगतं आणि काय सांगत नाही ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या पाच मिनिटांचा निर्णय त्यावरच आहे. बोटावरचा प्रोब रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. श्वास कमी झाला की आधी कार्बन डायऑक्साइड साठतो, तो प्रोबला दिसतच नाही. साध्या हवेवर असलेल्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड ४० वरून ८० ला गेला तर फुफ्फुसातला ऑक्सिजनचा दाब साधारण १०० वरून ५० वर येतो आणि सॅच्युरेशन धाडकन पडतं, अलार्म वाजतो. पण नाकातून ३ लिटर चालू असला की आत जाणारी हवा साधारण ३२ टक्के ऑक्सिजनची होते, आणि त्याच ८० कार्बन डायऑक्साइडला तोच दाब १२५ च्या वर राहतो. म्हणजे माणूस धोक्यात असताना सॅच्युरेशन आरामात नव्वदच्या वर दिसतं. ऑक्सिजन काढून टाका असं मी म्हणत नाहीये, अजिबात काढू नका. एवढंच की ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन श्वासाबद्दल जवळजवळ काही बोलत नाही, ते काम मोजणाऱ्या माणसाचं किंवा कॅप्नोग्राफीचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मशीनचं.

मुलीने वाद घातला नाही आणि गप्प पण बसली नाही. ती म्हणाली, "सिस्टर, मला काळजी वाटतेय. तुम्ही यायच्या आधी मी न उठवता पूर्ण मिनिट मोजलं, आठ होते आणि मध्ये दहा सेकंदांचा गॅप होता. नाव सांगता सांगता झोपतायत. साडेनऊ... सॉरी, साडेअकराला मॉर्फीन आणि प्रोमेथाझिन दोन्ही झालंय, क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ आहे. मला हे सेफ वाटत नाहीये. तुम्ही हात न लावता एक मिनिट माझ्यासोबत मोजाल का?" टीमस्टेप्स नावाच्या, हॉस्पिटलच्या टीमने आपसात नीट बोलावं म्हणून असलेल्या ट्रेनिंगमध्ये ही पायरी शिकवतात, आधी काळजी वाटतेय, मग मला हे ठीक वाटत नाही, मग हा सेफ्टीचा प्रश्न आहे. पण माझ्या मते तिचं शेवटचं वाक्य जास्त कामाचं ठरलं. तिने सिस्टरना 'तुमचं चुकतंय' असं म्हटलं नाही, जे तिला दिसलं तेच त्यांना दिसेल अशी सोय केली. दोघींनी मिळून मोजलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात पाच, दुसऱ्या अर्ध्यात तीन. सिस्टर लगेच बदलल्या, क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीची ट्रॉली, मागवली.

तोपर्यंत मुलीच्या डोक्यात काय काय यायला हवं होतं, म्हणजे दुसरं काय असू शकतं? साखर कमी, म्हणून ग्लुकोमीटर लावला, १४२. पोटात रक्तस्राव, पण त्यात नाडी वाढते, बीपी पडतं आणि श्वास वेगाने चालतो. सेप्सिस, फुफ्फुसात रक्ताची गाठ, रक्तात आम्ल वाढणं, या सगळ्यांतही श्वास साधारण वाढतो. ऑपरेशननंतर बिघडणारे बहुतेक पेशंट धापा टाकतात, त्यामुळे आपले डोळे धाप शोधायला तयार झालेले असतात आणि हळू झालेला श्वास नजरेतून सुटतो. श्वास कमी आणि गुंगी जास्त ही जोडी आली की यादी फार छोटी होते: ओपिऑइड, इतर गुंगीची औषधं, किंवा मेंदूत काहीतरी. स्ट्रोक बघायला चारही हातपाय हलवून घेतले, चेहरा सरळ होता. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होत्या, पण मॉर्फीन घेणाऱ्या ठीकठाक माणसाच्याही असतात, त्यामुळे त्यावर एकट्यावर काही ठरवू नका. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये क्लिनिकल जजमेंटचं जे मॉडेल मांडलं त्यात लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती आणि मागे वळून बघणं असे चार भाग आहेत, आणि त्यातलं मला पटलेलं म्हणजे लक्षात येणं हे तुम्ही आधीच काय अपेक्षा धरून बेडपाशी जाता त्यावर अवलंबून असतं. 'झोपलेत' अशी अपेक्षा घेऊन गेलात तर झोपच दिसते.

पुढे हालचाल भराभर. डोकं मागे, हनुवटी वर, डोक्याकडची बाजू उचलली, मास्कने ऑक्सिजन वाढवला, ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी. मुलगी काकांशी सतत बोलत राहिली, "काका, मोठा श्वास घ्या, परत घ्या," कारण नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध, येईपर्यंत उठवत राहणं हाच उपचार असतो. सिस्टरनी फोनवर डॉक्टरांना सांगितलं ते असं: "बेड नऊ, आतड्याच्या ऑपरेशनची पहिली रात्र, श्वास मिनिटाला आठ आणि गुंगी पोस तीन. सात तासांत मॉर्फीन एकूण चौदा मिलिग्रॅम, वर प्रीगॅबालिन आणि प्रोमेथाझिन, क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ. ओपिऑइडमुळे श्वास दबलाय असं मला वाटतंय, न्यूज आठ आहे. तुम्ही आत्ता या, आणि मी नॅलोक्सोन भरून ठेवते, किती देऊ सांगा." एसबार म्हणतात ते हेच, परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. नवीन मुली पहिले दोन छान सांगतात आणि तिसऱ्या-चौथ्यावर 'बघा ना सर' म्हणून सोडून देतात. अंदाज सांगा, चुकला तर चुकला, आणि काय हवंय ते स्पष्ट मागा.

नॅलोक्सोन ०.४ मिग्रॅची एक मिलीची ॲम्प्यूल, ९ मिली नॉर्मल सलाईन घालून दहा मिली केली, म्हणजे प्रत्येक मिलीत ०.०४ मिग्रॅ. डॉक्टरांच्या ऑर्डरने २ मिली आयव्ही, दोन-तीन मिनिटं थांबून परत २ मिली. श्वास १२, डोळे उघडे, पूर्ण नाव सांगितलं, "दुखतंय" म्हणाले, आणि तिथेच थांबले. पूर्ण ॲम्प्यूल एकदम का मारली नाही? कारण ताज्या पोटाच्या जखमेवरचं सगळं वेदनाशामक एका झटक्यात उतरतं, पेशंट ओरडत उठतो, बीपी-नाडी उसळते, क्वचित फुफ्फुसात पाणीसुद्धा भरतं. श्वास थांबलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोठा डोस आणि बॅगिंग. पण ज्याचा श्वास चालू आहे त्याला श्वास सुधारेल आणि हाकेला नीट उत्तर देईल एवढंच परत आणायचं. आणि नॅलोक्सोन विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने द्यायचं औषध नाही. तिचं काम ओळखणं, बोलावणं, श्वासमार्ग उघडा ठेवणं आणि वेळा लिहिणं हे होतं, आणि ते तिने केलं.

नॅलोक्सोनच्या आधी काढलेल्या एबीजीचा, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट आला: पीएच ७.२०, कार्बन डायऑक्साइड ६६, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठून रक्तात आम्ल वाढलेलं. सॅच्युरेशन ९६ असताना.

इथे खूप जण केस संपली असं धरतात. आयव्ही नॅलोक्सोन साधारण अर्धा ते दीड तास टिकतं. मॉर्फीन त्यापेक्षा जास्त टिकतं, आणि कमजोर किडनीत तर त्याचा एम-सिक्स-जी नावाचा घटक साठत जातो जो स्वतःच जोरदार ओपिऑइड आहे. म्हणजे पोलीस ड्यूटी संपवून घरी गेले आणि चोर अजून घरातच. दोन वाजून वीस मिनिटांनी तसंच झालं, श्वास ९, परत पेंगायला लागले. पण या वेळी मुलगी शेजारीच होती, दर पाच मिनिटांनी मोजत होती, त्यामुळे दोन मिनिटांत पुढचा डोस गेला. मग ज्या डोसने फरक पडला होता, ०.१६ मिग्रॅ, त्याच्या दोन तृतीयांश म्हणजे तासाला साधारण ०.१ मिग्रॅ अशी इन्फ्युजन लावून एचडीयूत, म्हणजे जास्त लक्ष ठेवायच्या वॉर्डात, हलवलं, तिथे कॅप्नोग्राफी होती.

काकूंचं राहिलंच. त्या घाबरल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की मुलीला 'उठवू नकोस' म्हणून आपण नुकसान केलं. मुलीने त्यांना सांगितलं की वेदना थांबवणारं औषध श्वास पण हळू करतं, म्हणून आज रात्री आम्ही यांना मुद्दाम उठवणार आहोत, आणि घोरण्यात असा गॅप दिसला तर तुम्ही आधी आम्हाला हाक मारा. तेव्हा काकू म्हणाल्या की घरी पण असंच थांबतं, ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं डॉक्टरांना. ती प्री-ऑप शीटवरची ओळ अशी पहाटे अडीचला वॉर्डात पोचली.

मागे वळून बघताना मी दोष कुणा एकावर टाकणार नाही, कारण एकेकटं बघितलं तर जवळपास प्रत्येक ऑर्डर समजण्यासारखी होती. चार मिलिग्रॅम मॉर्फीन फार नाही. प्रीगॅबालिन ७५ पण नेहमीचीच. प्रोमेथाझिन मळमळीवर चालतं. पण तिन्ही गुंगी आणतात, तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलीत, आणि तिन्ही एकत्र ज्या एकाच व्यक्तीच्या हातून जातात ती म्हणजे नर्स. प्रीगॅबालिन-गॅबापेंटिन ओपिऑइडबरोबर दिल्यावर श्वास दबू शकतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला आहे. त्यात २०२० साली आलेल्या प्रॉडिजी अभ्यासात साध्या वॉर्डातल्या १३३५ पेशंटना सतत मॉनिटर लावला तेव्हा ४६ टक्क्यांमध्ये श्वास दबल्याचा निदान एक प्रसंग सापडला. त्यांनी काढलेले धोक्याचे घटक पाच: वय ६० च्या वर, पुरुष, ओपिऑइडची सवय नसणं, झोपेत श्वास थांबणं, हृदय कमकुवत असणं. या काकांमध्ये पाचपैकी चार होते, आणि चारही ऑपरेशनच्या आधीपासून माहीत होते.

मग बाराचं ते १६. खरंच मोजलं होतं का? मी सांगू शकत नाही, कदाचित बीपी घेताना, जागं असताना मोजलं असेल. पण वॉर्डातले चार्ट उघडून बघा, किती पेशंटचा श्वास १६, १८ किंवा २० असतो आणि १३ किंवा १७ कितीदा दिसतो. न मोजलेला आकडा रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण रिकामी जागा बघून पुढची नर्स मोजेल तरी. आणि 'झोपले आहेत, आराम' ही नोंद वेदनेच्या कॉलममध्ये जाऊन बसली, गुंगीसाठी कॉलमच नव्हता. आयव्ही मॉर्फीनचा जोर साधारण वीस मिनिटांनी येतो, कमजोर किडनीत तो पुढेही वाढत राहतो, म्हणजे साडेअकराच्या डोसनंतर बाराला बघितलं ही वेळ बरोबर होती, प्रश्न चुकीचा विचारला गेला. दुखतंय का एवढंच नाही, हाकेला पटकन उठून पूर्ण वाक्य बोलतात का? गुंगी साधारण श्वास पडायच्या आधी वाढते, त्यामुळे डोसच्या आधी आणि डोसनंतर पोस लिहिला असता तर बहुतेक बारालाच ३ च्या जवळपास काहीतरी सापडलं असतं.

सकाळी बदललेल्या ऑर्डर अशा: मॉर्फीन, प्रीगॅबालिन आणि प्रोमेथाझिन बंद, मळमळीला ऑनडॅनसेट्रॉन, पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला, किडनीमुळे डायक्लोफिनॅकसारखी औषधं नाहीत, आणि ॲनेस्थेशियाच्या टीमने पोटाच्या दोन्ही बाजूंना ब्लॉक (नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन) दिला ज्याने काका खोकू शकले. ओपिऑइड लागलंच तर थोडं फेंटानिल, तेही एचडीयूत. डिस्चार्जच्या कागदावर स्लीप स्टडीचा सल्ला. आणि विद्यार्थिनीने सकाळच्या शिफ्टला जो हँडओव्हर दिला त्यात पहिलं वाक्य होतं, "झोपेत श्वास थांबतो, नॅलोक्सोन चालू आहे, श्वास उठवायच्या आधी मोजा आणि पूर्ण मिनिट मोजा."